बाटली क्रमांक ५३-एन : लशीची भीती आणि तिचा जुना इतिहास

मे २०२४ चा पहिला आठवडा. ओपीडीत खोकला-तापाचे पेशंट कमी आणि हातात मोबाईल धरून आलेले लोक जास्त, अशी परिस्थिती होती. कोविडच्या लशीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या कोर्टाच्या कागदपत्रांत मान्य केलं, अशी बातमी आली होती. आपण घेतलेली कोव्हिशिल्ड म्हणजे तीच लस, फक्त पुण्यात बनलेली. "डॉक्टर, माझे दोन डोस झालेत. आता काय होणार?" हा प्रश्न त्या आठवड्यात मी किती वेळा ऐकला, याची मोजदाद नाही. काही जण परस्पर लॅबमध्ये जाऊन डी-डायमर नावाची तपासणी करून आले होते. एका काकांनी तर मेडिकलमधून रक्त पातळ होण्याच्या गोळ्या आणून स्वतःच सुरू केल्या होत्या. त्यांना अल्सरचा जुना त्रास. लशीपेक्षा त्या गोळ्यांनीच त्यांचा घात केला असता.

त्याच आठवड्यात एक ताई आल्या. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, रिपोर्टही नव्हता. दीड वर्षापूर्वी त्यांचे पती वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सकाळी अंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. ताई म्हणाल्या, "डॉक्टर, ते लस घ्यायला तयार नव्हते. मीच मागे लागले, मीच नंबर लावला. खरं सांगा, माझ्यामुळे गेले का ते?"

या प्रश्नाला 'छे छे, तसं काही नसतं' असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. २०२१ मध्ये मीही असं उत्तर देत होतो. दोन-तीन भगिनींनी मला लशीनंतर पाळी पुढे गेली, अंगावरून जास्त गेलं, असं सांगितलं होतं. लशीचा याच्याशी काही संबंध नाही, टेन्शन घेऊ नका, असं मी त्यांना ठासून सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४ हजार स्त्रियांच्या पाळीच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीनंतरचं पाळीचं चक्र थोडं लांबतं, सरासरी एका दिवसापेक्षाही कमी, आणि नंतर पुन्हा पूर्ववत होतं, असं त्यात दिसलं. फरक किरकोळ होता, काळजीचं कारण नव्हतं, पण फरक होता. त्या भगिनी बरोबर होत्या आणि मी चूक होतो.

म्हणून ताईंना मी लगेच उत्तर दिलं नाही. काय सांगितलं ते पुढे येईलच. त्याआधी तुम्हाला सव्वाशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायची आहे. ती मुंबईत सुरू होते, पंजाबातल्या एका खेड्यात तिला वळण लागतं आणि लशीच्या दुष्परिणामाचा शोध कसा घ्यावा व कसा घेऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना ताप आणि जांघेत गाठ असलेले पेशंट दिसू लागले. हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढे जे झालं ते आपल्या आजी-पणजींच्या तोंडून कुठे ना कुठे ऐकलेलं असतं : घराघरांची झडती, माणसांना उचलून इस्पितळात नेणं, सामानाची जाळपोळ, रेल्वे स्टेशनवर तपासणी. सरकारवरचा लोकांचा विश्वास पार उडाला. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या शरीरातून 'मोमियाई' काढतात, अशी अफवा होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यातल्या जुलमाचा शेवट जून १८९७ मध्ये रँडच्या खुनात झाला, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच.

अशा वातावरणात वाल्देमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, धर्माने ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ पासून हिंदुस्थानात फिरत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा जागेत, मोजक्या मदतनिसांवर त्यांनी प्लेगच्या लशीचं काम सुरू केलं. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे म्हणजे त्या थेंबांखाली जंतूंची लोंबती वाढ होते, मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. अशी ती लस. तूप आपल्या स्वयंपाकघरातून थेट प्रयोगशाळेत गेल्याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ही लस सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. डोस मोठा होता. ताप चढला, टोचलेली जागा दुखू लागली, पुढचे काही दिवस त्रासाचे गेले. म्हणजे प्लेगच्या लशीच्या दुष्परिणामांची पहिली नोंद तिच्या जनकाच्याच अंगावर झाली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना झाली आणि लस उपयोगी असल्याचं दिसलं. ती शंभर टक्के संरक्षण देत नव्हती. धोका साधारण निम्म्यावर आणत होती आणि त्रासही बराच देत होती. तरीही लोक पुढे येऊ लागले. त्यात आगाखानांचा वाटा मोठा होता. त्यांनी जागा दिलीच, शिवाय लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. 'काही होत नाही' असं भाषण देण्यापेक्षा दंड पुढे करणं जास्त पटतं, हे तेव्हाही खरं होतं. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली.

आता गोष्टीचं वळण. १९०२ मध्ये पंजाबात प्लेग पसरला होता आणि तिथल्या सरकारने लाखो लोकांना लस द्यायची मोहीम आखली. परळवर मागणीचा मोठा ताण आला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिननी पद्धत थोडी बदलली. कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं आणि उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर दिला. पॅरिसमध्ये अशी पद्धत वापरात होतीच.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावात (हे गाव आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडाभराने त्यांच्यापैकी १९ जणांचे जबडे आवळू लागले, अंग ताठ होऊ लागलं. तो धनुर्वात होता. ते १९ च्या १९ गेले.

त्या गावात त्या दिवसांत काय झालं असेल, याची कल्पना करा. कुणाची आई, कुणाचा कर्ता मुलगा. धडधाकट माणसं रोग टाळण्यासाठी रांगेत उभी राहिली आणि लशीनेच गेली. अशा वेळी कुणी 'लस सुरक्षित आहे' असं म्हटलं असतं, तर त्याला गावातून हाकललं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

पण नोंदी ठेवलेल्या होत्या. मेलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस दिली होती. बाटली क्रमांक ५३-एन. त्याच दिवशी, त्याच गावात, दुसऱ्या बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही. म्हणजे दोष 'लशीत' नव्हता, एका बाटलीत होता. मग प्रश्न असा उरला : बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले कुठे? ४१ दिवस आधी परळला ती भरताना, की मुलकोवालला ती उघडताना?

सर लॉरेन्स जेंकिन्स या मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच दूषित झाली असावी, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक ॲसिड वगळल्याचा ठपका तयारच होता. हाफकिनना कामावरून दूर करण्यात आलं, पगार थांबला आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले.

खरं तर साक्षींमध्ये आणखी एक गोष्ट नोंदली गेली होती. बाटलीचं बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून किंवा उकळून घ्यायला हवा होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात. त्यांची बीजं इतकी चिवट असतात की अशा खळबळण्याने ती मरत नाहीत. शिवाय धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस बंद बाटलीत वाढले असते, तर बाटली उघडताच दुर्गंध आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा काही वास आला नव्हता. आणि तयार विष टोचलं गेलं असतं, तर लक्षणं दिसायला आठवडा लागला नसता.

वास, वेळ आणि चिमटा या तीन साध्या गोष्टी. त्या जोडायला पाच वर्षं गेली. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवून नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत तज्ज्ञांच्या सह्यांचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं आणि त्या वर्षअखेर हाफकिन निर्दोष ठरले. ते हिंदुस्थानात परतले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांना पूर्वीचं स्थान मिळालं नाही. कलकत्त्याला काम मिळालं आणि तिथेही हात बांधलेलेच होते. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. के. ई. एम. कडे जाताना 'हाफकिन' ही पाटी तुम्ही पाहिली असेल, ती त्यांची.

दरम्यान पंजाबातली मोहीम मुलकोवालनंतर बसली ती बसलीच. पुढच्या काही वर्षांत प्लेगने तिथे लाखो माणसं नेली. १९०७ हे वर्ष तर फार भयंकर गेलं. या माणसांचा हिशेब कुठल्याच आयोगाने मांडला नाही.

मुलकोवालचा एक धागा तुमच्याही दंडापर्यंत येतो. २०२१ मध्ये लसीकरण केंद्रावर नर्सने कुपीवर पेनने वेळ लिहिलेली तुम्ही पाहिली असेल. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत १० डोस असायचे. उघडल्यावर ४ तासांत वापरायची, उरली तर फेकायची. प्रत्येकाला नवी सुई, आणि बॅच नंबर तुमच्या सर्टिफिकेटवर. 'अर्धी बाटली फेकली, केवढी ही नासाडी' म्हणून तेव्हा बातम्या आल्या होत्या. मला त्या वाचताना दर वेळी ५३-एन आठवायची.

लशीमुळे खरोखर अपाय झाल्याची उदाहरणंही आहेत, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत साल्क यांची पोलिओची लस आली. पहिल्या काही दिवसांतच कटर नावाच्या कंपनीच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेल्याचं उघड झालं. सुमारे २०० जण, बहुतेक लहान मुलं, लुळी पडली आणि १० जणांचा मृत्यू झाला. इथे दोष थेट कारखान्यात होता. १९७६ मध्ये अमेरिकेनेच स्वाइन फ्लूच्या भीतीने साडेचार कोटी लोकांना घाईघाईने लस दिली. साथ आलीच नाही, पण लाखात साधारण एकाला गियाँ-बारे नावाचा लुळेपणाचा आजार झाला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. १९९९ मध्ये बाळांच्या जुलाबावरची पहिली रोटाव्हायरस लस मागे घेतली गेली. १० हजारांत साधारण एका बाळाला आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास होतोय, हे तक्रारींच्या नोंदींवरूनच कळलं होतं. म्हणून पुढच्या रोटा लशींच्या चाचण्या हजारो बाळांवर घ्याव्या लागल्या. आज तुमच्या नातवंडांना जी रोटाची लस तोंडावाटे देतात, तिच्यामागे त्या अडकलेल्या आतड्यांचा इतिहास आहे.

आता कोव्हिशिल्डकडे येऊ. मार्च २०२१ मध्ये नॉर्वेत आरोग्यसेवेतले पाच जण लशीनंतर ७ ते १० दिवसांत गंभीर आजारी होऊन दाखल झाले. शरीरात गुठळ्या, आणि त्याच वेळी प्लेटलेट्स कमी. ही जोडी विचित्र होती, कारण प्लेटलेट्स कमी झाल्या की सहसा रक्तस्राव होतो, गुठळ्या होत नाहीत. पाचातले तीन गेले. डॉक्टरांनी हा योगायोग म्हणून सोडून दिला नाही. जर्मनीतही तसेच पेशंट सापडले आणि काही आठवड्यांत कारण हाती लागलं. क्वचित एखाद्याच्या शरीरात लशीनंतर अशी प्रतिद्रव्यं तयार होतात, जी प्लेटलेट्सनाच चेतवतात आणि त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. नेहमीचं हेपारिन टाळायचं आणि दुसरे उपचार द्यायचे, हेही कळलं. एप्रिल २०२१ मध्ये हा परिणाम लशीच्या माहितीपत्रकात छापला गेला आणि ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचं ठरवलं.

म्हणजे मे २०२४ मध्ये टीव्हीवर 'धक्कादायक कबुली' म्हणून जे दाखवलं गेलं, ते तीन वर्षं आधीच छापलेलं होतं. पण तुम्हाला ते कुणी समजावून सांगितलं होतं का? बहुतेकांना नाही, आणि हा दोष आमच्याकडे येतो. भारतात मे २०२१ मध्ये सरकारने २६ संशयित केसेस जाहीर केल्या, दर १० लाख डोसमागे ०.६१. ब्रिटनचा आकडा तेव्हा ४ होता आणि जर्मनीचा १०. आपल्याकडे हा त्रास खरंच कमी झाला असेल, पण आपल्याकडे नोंदीही कमी होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. किती खेड्यांतल्या डोकेदुखीच्या पेशंटचा मेंदूचा स्कॅन झाला असेल? मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कुणावर लशीची सक्ती करता येणार नाही असं सांगताना दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसमोर ठेवायलाही सांगितलं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं, तर हा गुठळ्यांचा आजार लशीनंतर साधारण पहिल्या महिनाभरात, फार तर सहा आठवड्यांत होतो. तुमच्या लशीला वर्षं झाली असतील, तर त्यासाठी डी-डायमर करू नका, गोळ्याही घेऊ नका. डी-डायमर वाढायला साध्या तापासारखी पन्नास कारणं असतात. पुढे कधीही, कुठल्याही लशीनंतर असह्य डोकेदुखी, धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, पोटात तीव्र कळ असं काही झालं, तर थांबू नका. डॉक्टरला लशीची तारीख आवर्जून सांगा आणि त्याची नोंद करायला लावा. तो 'काही नाही हो' म्हणाला, तर दुसऱ्याकडे जा.

आता त्या ताई. मी त्यांना मुलकोवालसारखेच प्रश्न विचारले. लस कधी घेतली, आणि ते कधी गेले? मध्ये तेरा महिने होते. लशीनंतर ताप, डोकेदुखी, धाप? नाही, एक दिवस अंगदुखी. मग मी त्यांना आयसीएमआरच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १८ ते ४५ वयाचे, वरवर निरोगी असताना अचानक गेलेले ७२९ जण आणि तशाच वयाचे २,९१६ जिवंत लोक, यांची देशभरातल्या ४७ रुग्णालयांमार्फत तुलना झाली. लस घेतल्याने अचानक मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे ॲडमिट व्हावं लागलेल्यांत, घरात आधी कुणी असं अचानक गेलेलं असलेल्यांत, एकदम भरपूर दारू पिणाऱ्यांत आणि जोराचा व्यायाम करणाऱ्यांत.

'घरात आधी कुणी' या शब्दांवर त्या थांबल्या. सासरे किती वर्षांचे असताना गेले, असं मी विचारलं. "सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "शेतात. साप चावला असेल म्हणत होते, पण खूण काही सापडली नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी डोळे पुसले. मी विचारलं, त्यांना भाऊ आहे का? एक धाकटा दीर होता, सदतीस वर्षांचा, टेम्पो चालवतो, कधी बीपी मोजलेलं नाही. त्याला पाठवून द्या, म्हटलं, आणि तुमच्या मुलाचीही एकदा तपासणी करून घेऊ.

दीर पुढच्या सोमवारी आला. बीपी १७०/१०४ होतं.